वय झालं, असं मी म्हणत होतो

अनसू,

आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चिंचा फोडल्या. मी ओसरीच्या पायरीवर बसून दगडानं टरफलं फोडत होतो आणि तू पोत्यावर बसून गरातले चिंचोके काढत होतीस. चैत्रातलं ऊन. सकाळी दहालाच अंगण भाजत होतं. कुत्रं रांजणाखालच्या ओलीत जाऊन पडलं होतं आणि तू अंगावर घोंगडी घेऊन बसली होतीस. "हळू मारा जरा," तू म्हणालीस, "चिंचोके फुटून राह्यले." मी म्हणालो, फुटले तर फुटू दे, आपल्याला काय ते पेरायचे आहेत. तू हसली नाहीस, रागावलीही नाहीस. अर्धी पाटी झाल्यावर म्हणालीस, जरा टेकते, आणि आत गेलीस. उरलेल्या चिंचा मी एकट्यानं फोडल्या. तेवढ्या वेळात तू गेलीस. मी आत आलो तेव्हा पाटी भरल्याचं सांगायला आलो होतो.

सूर्य बुडायच्या आत तुला नदीवर नेलं. अग्नी आपल्या शामनं दिला.

आज पाचवा दिवस. मला रडू येत नाही. पूस महिन्याच्या थंडीत विहिरीच्या पाण्यात हात फार वेळ राहिला की बोटं आपली वाटत नाहीत, तसं झालं आहे. जेवायला बसवलं की जेवतो. बैलाला पाणी दाखवतो. मी दुसरी शिकलेला माणूस, शामच्या जुन्या वहीत हे लिहितो आहे. बोलताना 'तुले' म्हणत होतो, लिहिताना 'तुला' लिहितो. मास्तरनं छडी मारून तसंच बसवलं आहे.

येणारे सगळे एकच बोलतात. वय झालं होतं, कुंकवानं गेली, सोनं झालं. बायकांनी तुझी ओटी भरली, हिरव्या बांगड्या घातल्या, आणि तुझ्या नशिबाचा हेवा केल्यासारखं बोलल्या. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. तुझा भाऊ म्हणाला साठ पार केली होती. तू म्हणत होतीस अजून साठ व्हायचे आहेत. लिहिलेलं कुठंच नाही. मग वय झालं म्हणजे किती झालं, हे मला कोणी सांगितलं नाही. आणि मी तरी कोणत्या तोंडानं विचारू? तीन वर्षं हा शब्द घरात मीच बोलत होतो.

पहिल्यांदा बोललो ते विहिरीवर. घागर घेऊन तू अर्ध्या पायऱ्या चढलीस आणि बसलीस. पहिले तू दोन घागरी घेऊन, वर माझ्याशी भांडत चढत होतीस. मी वरून म्हणालो, "बुढी झाली व तू." तू म्हणालीस, हाव, झालीच. दुसऱ्या दिवसापासून पाणी वच्छला आणायला लागली. सून कशाला असते, असं मी म्हणालो. मग दळण गेलं. जात्याचा खुंटा धरला की तुला घेरी यायची, म्हणून तेही वच्छलेकडे गेलं. मग चूल गेली. आपल्याकडे चांगल्या घरात असंच करतात. माणूस म्हातारं झालं की त्याला कामातून मोकळं करतात, ओसरीवर बाज टाकून देतात. मी तुझ्यासाठी नवी सुंभाची बाज विणून घेतली. गावात सांगत फिरलो की मी बायकोला राणीसारखं बसवलं आहे.

उपासही मीच वाढू दिले. सोमवार होताच, त्यात गुरुवार आला, मग एकादशा. म्हातारपणी जीभ आवरावी, देवाकडे पाहावं, असं मी म्हणत होतो. तू आठवड्यातले तीन दिवस नुसतं पाणी आणि मूठभर भगर खात होतीस, आणि मला त्याचं बरं वाटत होतं.

मातीचं मला लिहायचं नव्हतं. पण तेच आधी आठवतं. वच्छलेला तेव्हा दिवस गेले होते. भिंतींना पोतारा द्यायला पांढरी माती आणली होती आणि तू तिच्यातला खडा तोंडात टाकताना मी पाहिलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "सुनेच्या आधी सासूलेच डोहाळे लागले काय बे?" शाम हसला, वच्छला पदर तोंडाला लावून हसली, माझी बहीण आक्का तर खोकला येईपर्यंत हसली. तूही हसलीस. त्यानंतर तू कोणासमोर माती खाल्ली नाहीस. पण चुलीच्या मागची कड उंदरानं कुरतडावी तशी रोज थोडी कमी होत होती. मी ती दोनदा लिंपून घेतली आणि कोणी कमी केली ते विचारलं नाही. म्हातारं माणूस लहान लेकरासारखं होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

तुझी नखंही मी पाहिली होती. मधून खोल झाली होती, पळीसारखी. पाण्याचा थेंब ठेवला असता तर राहिला असता. मला वाटलं, राबून झिजली.

आता कानाचं. गेल्या हिवाळ्यात मला ऐकू येईना झालं. डावा कान पहिले गेला, मग उजवा. मलकापूरच्या बाजारात कापूस घेऊन गेलो तर दलाल काय बोलतो ते समजेना, मी हाव हाव करत राहिलो आणि चार माणसं हसली. ते मला सहन झालं नाही. तुझ्या तीन वर्षांच्या दमाला मी वय म्हणालो, आणि माझ्या कानासाठी आठ दिवसांत गाडी जुंपली. बाई, हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मला यात काही वावगं दिसलं नाही.

तू संगं आलीस ती बांगड्या घ्यायला. मलकापूरच्या दवाखान्यासमोर गाडी सोडली. तू गाडीतच बसलीस. आत डाक्तरनं पिचकारीनं कानात कोमट पाणी मारलं आणि हरभऱ्याएवढा काळा गोळा ताटलीत पडला. मग दुसरा. एकदम जग अंगावर आलं. कोणाचं तरी पोर रडत होतं, भिंतीपलीकडे कोणी कागद फाडला तो मला ऐकू आला. मी हसायला लागलो. डाक्तर पुण्याकडचे, तरुण, तेही हसले. मला बाहेरपर्यंत सोडायला आले.

बाहेर तू गाडीतून उतरत होतीस. चाकाला धरून एक पाय खाली, मग दुसरा. आणि मला तुझा श्वास ऐकू आला. दहा हातांवरून. लोहाराचा भाता चालावा तसा. नुसतं गाडीतून उतरल्याचा श्वास. मी घरात रोज तुझ्या शेजारी बसत होतो आणि मला तो माहीत नव्हता.

डाक्तरांनी विचारलं, या कोण? मी म्हणालो, आमचं माणूस. त्यांनी विचारलं, हिला किती दिवस झाले असं होऊन? मी म्हणालो, "कायी नाई साहेब, वय झालं तिचं."

ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाबा, सकाळपर्यंत तुमचा कानही म्हाताराच होता ना?"

मी करंगळीनं कानातलं पाणी पुसलं.

त्यांनी तुला ओट्यावर बसवलं, डोळ्याची खालची पापणी ओढून मलाच दाखवली. आतून चुन्यासारखी पांढरी. ते शांतपणे बोलले, मला आठवतं. केस पिकतात, कातडी सैल होते, चाल मंद होते, ते वय. पापणी आतून पांढरी होते, पायऱ्या चढताना धाप लागते, माती खावीशी वाटते, ते वय नाही. हिच्या अंगात रक्त नाही. ते कुठंतरी जातं आहे. कुठं जातं, ते विचारलं पाहिजे.

मातीचं मी सांगितलं नव्हतं. त्यांनीच ओळखलं.

तू पदर ओढून खाली पाहत राहिलीस. तुला विचारलं ते तू सांगेनास, कारण मी उभा होतो आणि तो परका पुरुष होता. मग त्यांनी नर्सबाईला बोलावलं, ती तुला पडद्यामागे घेऊन गेली, आणि मला बाकावर बसायला सांगितलं. पडदा म्हणजे एक चादर. मी पाच हातांवर होतो आणि माझे कान नुकते धुतले होते.

तू तिला सांगितलंस. बसायच्या जागी, तीन वर्षं, रोज रक्त. फडकी गोठ्याच्या मागे धुऊन वाळवत होतीस. नर्सबाई म्हणाली, माय, मूळव्याध आहे ही, घरच्यांना सांगायचं की. तेव्हा तू म्हणालीस, "त्यायले सांगू नका. त्यायले वाटते वय झालं. वाटू द्या."

मी उठून दवाखान्याच्या बाहेर गेलो आणि बैलाच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसलो.

डाक्तरांनी मला तेवढंच सांगितलं जेवढं तुला चाललं असतं. आतलं दुखणं आहे. हे लोखंडाचं औषध द्या, रोज जेवल्यावर. उपास बंद. भाजी, गूळ, दाणे खाऊ घाला. आणि महिनाभरात अकोल्याच्या दवाखान्यात न्या, तिथे बाई डाक्तर आहे, लहानसं काम आहे, करून घ्या, म्हणजे रक्त जायचं थांबेल. नाहीतर औषधानं भरायचं आणि तिकडून गळायचं, असं होईल. काय ते तुमच्या बाईंना माहीत आहे, असंही म्हणाले.

परतीची वाट धरली. नाल्याच्या उतारावर विचारलंस, "तुमाले काई आयकू आलं काय तटी दवाखान्यात?"

मी म्हणालो, "नाई. कानात अजून पाणी हाये."

अनसू, हे मी खोटं बोललो. तुझी लाज राखावी म्हणून बोललो. मला वाटलं, ज्या गोष्टीसाठी तू तीन वर्षं फडकी लपवलीस, ती मला माहीत नाही असं दाखवणं हाच तुझा मान. तू मान हलवलीस आणि तुझा चेहरा सैल झाला. मला तेव्हा वाटलं, मी चांगलं केलं.

मग दीड महिना झाला तो सांगण्यासारखा झाला. पंधरा दिवसांत तुझ्या ओठांना रंग आला. औषधानं दात काळे पडले, तू म्हणालीस, मिशरी न लावता मिशरीवाली झाले. वच्छलेकडून चूल परत घेतलीस आणि तिच्या भाकरीला नावं ठेवलीस, ती रागावून माहेरी जाते म्हणाली आणि संध्याकाळी तुझ्याच हातची भाकरी खाऊन झोपली. तू दोन घागरी घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढलीस आणि वर येऊन माझ्याशी भांडलीस, मी अंगणात थुंकतो म्हणून. मी म्हणालो, लय बोलायला लागली. तू म्हणालीस, "तुमच्या कानाचं दार उघडलं तं माह्यं तोंड उघडलं." तीन वर्षं मी एका बुढीबरोबर राहत होतो आणि ती बुढी कुठं गेली ते मला समजेना. शिवरात्रीला तू उपास केला नाहीस, आपण दोघांनी देवाच्या समोरच भाकरी खाल्ली, लोकांनी पाहिलं. ते दिवस मला मिळाले. त्यासाठी मी त्या डाक्तरांचं नाव घेतो, घेत राहीन.

पण अकोल्याला आपण गेलो नाही. मी तुला किती वेळा म्हणालो ते तुलाही माहीत आहे. प्रत्येक वेळी तेच झालं.

"चाल, अकोल्याले जाऊन येऊ."

"काऊन? बरी हाये मी."

"डाक्तरनं सांगतलं ना."

"काय सांगतलं?"

इथं मी थांबत होतो. तू माझ्याकडे पाहायचीस. मी जर म्हणालो असतो की मूळव्याध आहे तुला, मी त्या दिवशी सगळं ऐकलं, मला काही वाटत नाही, तर तुला उत्तर नव्हतं. तू यायला भीत होतीस ती कापण्याला नाही. अकोल्याला मी संगं येणार आणि मला समजणार, याला भीत होतीस. आणि मला तर समजलेलं होतं. तू माझ्यापासून लपवत होतीस ते मी तुझ्यापासून लपवत होतो. शेवटी मी म्हणायचो, आतलं दुखणं म्हणून सांगितलं. तू म्हणायचीस, आतलं आता गेलं. आणि मी उठून गोठ्यात जायचो. खरं सांगतो, उठताना मला हायसं वाटायचं.

औषध संपलं तेव्हा तू दुसरी बाटली आणू दिली नाहीस. बरं झाल्यावर कोणी औषध खातं काय, असं म्हणालीस. फाल्गुनात तुझ्या पायांवर सूज आली. मी पाहिली. होळीची दगदग झाली असं म्हणालो. मग तू पुन्हा घोंगडी घ्यायला लागलीस. मी डोक्यात ठरवलं होतं, पाडवा झाला की मी तुला सांगून टाकीन, सगळं, आणि उचलून गाडीत टाकीन. पाडवा झाला. चिंचा उतरवायच्या होत्या. चिंचा झाल्या की, असं ठरवलं.

तुला सांगायचं राहिलं ते एवढंच होतं: मला माहीत आहे, आणि मला काही वाटत नाही. दोन वाक्यं. माझ्या तोंडातून ती निघाली नाहीत आणि आता वहीत निघाली आहेत, त्याचा तुला काही उपयोग नाही.

तुला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का माझ्यासाठी चहा घेऊन आली. मोठी बहीण, तरुणपणीच कपाळ पांढरं झालं तेव्हापासून आपल्याच घरात, तुला माहेरची वाटावी इतकी तुझी झालेली. भिंत चाचपत आली. मी हात पुढे केला होता. तिनं चहाची पितळी माझ्या हाताच्या वीतभर अलीकडे सोडून दिली. चहा माझ्या पायावर पडला. ती म्हणाली, "भाजलं काय रे? वय झालं माह्यं, दौलत्या, हात कापते."

हात कापत नव्हता. मी पाहत होतो.

मी उठलो आणि गाडी जुंपली. शाम म्हणाला, बाबा, सुतक आहे, लोक बसायला येऊन राह्यले, तुमी कुठं चालले? मी म्हणालो, आक्काला घेऊन मलकापूरला. तो म्हणाला, दहा दिवस थांबता येत नाही काय? मी म्हणालो, नाही. ओसरीवर बसलेली माणसं माझ्याकडे पाहत होती. त्यांनी काय म्हटलं असेल ते मला आता ऐकू येतं, पण मी ऐकलं नाही. आक्का गाडीत बसेपर्यंत मला शिव्या देत होती. डोकं फिरलं, बायको काल गेली, याले बाजार सुचला.

नाल्याच्या पुढे ती माझ्याकडे सरकली. मग विचारलं, "तिले काय झालं होतं रे खरं?"

मी सांगितलं. मूळव्याध होती, तीन वर्षं रक्त जात होतं, मला माहीत होतं, मी बोललो नाही. पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो. बैल चालत होते. आक्का म्हणाली, "दौलत्या, मले तुह्यं तोंड दोन वर्सांपासून दिसत नाई. आवाजावरून वळखू येते." काऊन सांगितलं नाहीस, असं मी विचारलं नाही.

डाक्तरांनी तुझं विचारलं नाही. माझ्याकडे पाहून त्यांना समजलं असेल. त्यांनी आक्काला दारासमोर उजेडात बसवून डोळे पाहिले, मग गुडघे वाकवून पाहिले, कारण तिनं गुडघ्यांचीही कुरकुर केली. मग म्हणाले, "गुडघे वयाचे आहेत, आजी. शेक द्या, काठी घ्या, त्याला मी काही करू शकत नाही. डोळे वयाचे म्हणून सोडायचे नाहीत. मोतीबिंदू पिकला आहे, काढला की दिसेल."

आक्कानं विचारलं, मले दिसंल? ते म्हणाले, दिसेल. सोमवारी आणा. मी म्हणालो, आणतो, सोमवारीच.

नर्सबाई आक्काला हात धरून बाहेर घेऊन गेली. मी तिथंच उभा राहिलो. ज्यासाठी आलो होतो ते अजून विचारायचं होतं.

"साहेब, आमच्या माणसाचं? ते वय होतं काय?"

ते हात धूत होते. हात धुऊन झाले, पुसून झाले, मग म्हणाले, "थोडं वय. बाकीचं दुसरं."

मी बरं म्हणालो. बाहेर जाऊन आक्काला गाडीत चढवलं, तिचा पाय चाकाच्या चुकीच्या आऱ्यावर पडत होता तो हातानं धरून बरोबर ठेवला, आणि बैल हाकले.